क्रेडिट कार्डाचे परदेशी व्यवहार बंद ठेवले: काही महिन्यांच्या वापरानंतर

क्रेडिट कार्डावरचे ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार स्वतंत्रपणे चालू-बंद करण्याची व त्यांची मर्यादा ठरवण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून बँकांनी दिलेली आहे. पावसाळ्यापासून मी ती नेमाने वापरत आहे.

सर्वाधिक उपयोग झाला तो परदेशी व्यवहार बंद ठेवण्याचा. आपल्याकडच्या संकेतस्थळांवर ओटीपी लागतो. मात्र अनेक परदेशी संकेतस्थळांवर कार्डाचा क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावरच पैसे वळते होऊ शकतात, त्यामुळे ओटीपी कोणाला सांगितला नाही म्हणजे आपण निर्धास्त, हा समज तेथे टिकत नाही. दिवाळीनंतर एका रात्री डॉलरमधील व्यवहार नाकारल्याचा संदेश आला, तेव्हा क्रमांक बाहेर गेल्याचे कळले आणि मी लगेच कार्ड बदलून घेतले.

टॅपने ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय खर्च होतो. सायंकाळी ठाणे स्थानकाबाहेरच्या गर्दीत पाकीट गेले तर काय, या विचाराने मी तेही बंद केले. गोखले रोडवरील दुकानांत पिन टाकावा लागतो, एवढेच.

ऑनलाइन व्यवहारांची कळ मात्र जाच ठरली. ती दर वेळी बंद करण्याचा परिपाठ ठेवला, तेव्हा दरमहा आपोआप भरले जाणारे मोबाइलचे बिल अडकले. आता ती चालू आणि मर्यादा कमी, असे ठेवतो. मोठी खरेदी असेल तेव्हाच मर्यादा वाढवतो. ॲपमध्ये हे बदल लगेच लागू होतात.

वाहतूक दंडाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल (म्हणजे ॲप बसवणारी फाइल) फोनमध्ये बसवली, तर ती ओटीपीचे संदेशही वाचू शकते, आणि तेथे यातली कोणतीच कळ पुरेशी नाही. कमी मर्यादेमुळे नुकसान आटोक्यात राहते, इतकेच. ओटीपीच्या संदेशातील रक्कम आणि दुकानाचे नाव वाचूनच अंक टाकण्याची सवय अधिक मोलाची वाटते.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर भार पडत नाही. म्हणून बँकेचा क्रमांक आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीची १९३० ही हेल्पलाइन मी फोनमध्ये साठवली आहे; कार्डामागे छापलेला क्रमांक कार्ड हरवल्यावर उपयोगी पडत नाही.