रत्नागिरीची कातळशिल्प टूर : गाईडला पैसे द्यावेत का? (रिव्ह्यू)

कातळशिल्पं म्हणजे सड्यावर, उघड्या जांभ्याच्या पठारावर, खोदलेली जुनी चित्रं. त्यांचे पिन आता गुगल मॅपवर बऱ्यापैकी आलेत, मग गाईड कशाला, असं आमच्यातल्या अर्ध्या लोकांचं म्हणणं होतं. माझं मत, घ्याच. पिनवर पोचलात तरी सड्यावर उभं राहून दिसतं काय तर काळपट जांभा, वाळकं गवत आणि ऊन, चित्र चार पावलांवर असतं पण कुठून बघायचं हे माहीत नसेल तर त्यावरून चालत जाल. रेघा फार खोल नाहीत, शेकडो पावसाळे खाऊन कडाही झिजल्यात, त्यामुळं तिरपं ऊन लागतं. सकाळी किंवा चारनंतर.

आम्ही घेतलेलं पॅकेज दोन दिवसांचं, गाडी आपली, गाईड टूरवाल्यांचा. पहिल्या दिवशी उक्षी आणि जांभरुण, दुसऱ्या दिवशी राजापूरकडं कशेळी, देवाचे गोठणे आणि बारसू.

उक्षीचा हत्ती लहान मुलांसाठी बेस्ट, कारण तो लगेच ओळखू येतो. भोवती दगडी गडगा घातलाय, कोण चित्रावर जात नाही. जांभरुणला बरीच चित्रं एकाच जागी, माणसं, प्राणी, मासे, आणि काही नुसते चौकोनी नक्षीसारखे आकार ज्यांचा अर्थ कुणीच सांगू शकत नाही.

आणि इथंच गाईडचे पैसे वसूल. दादा त्याच भागातला, बोलणं कमी, पण एकदाही पुडी सोडली नाही. आमच्यातल्या एकानं विचारलं की हे नक्की किती जुनं, तर म्हणाला सर दगडावर खोदलंय, त्यात कोळसा नाही लाकूड नाही, कार्बन डेटिंग कशाचं करणार. मग त्यानं नीट समजावलं की अंदाज कसा बांधतात. चित्रांत शिकारीचे प्राणी आहेत, शेतीचं काहीच नाही, म्हणजे काढणारे बहुधा शेतीच्या आधीचे शिकारी लोक. त्यात गेंडा आहे, पाणघोडाही आहे असं अभ्यासक म्हणतात, आता कोकणात हे कुणी बघितलेत का. शिवाय कणकवली तालुक्यात कोळोशीच्या गुहेत उत्खनन झालं, तिथं दगडाची हत्यारं मिळाली, म्हणजे या पट्ट्यात अश्मयुगातला माणूस राहत होता हे तरी पक्कं. पण हत्यारं करणारा आणि चित्रं काढणारा एकच का, यावर तो सरळ ‘ते सांगता येत नाही’ म्हणाला. किल्ल्यांवरचे गाईड ऐकून कान किटलेल्या माणसाला हे फार भारी वाटतं हो.

शोधाची गोष्टही त्याच्याकडूनच ऐकली. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई वगैरे मंडळींनी सडेच्या सडे पायी तुडवले, गावागावात म्हाताऱ्यांना आणि गुरं राखणाऱ्यांना विचारत फिरले, तेव्हा कुठं आकडा हजाराच्या वर गेला. गावकऱ्यांना बरीचशी चित्रं आधीपासून ठाऊक होती, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत या कातळशिल्पांचं नाव गेलं, त्यात कोकणातली आठ ठिकाणं आणि गोव्यातलं पणसायमळ.

देवाचे गोठणेला एक मनुष्याकृती आहे, तिच्याजवळ होकायंत्र ठेवलं की काटा भलतीकडं जातो. दादानं खिशातून होकायंत्र काढून दाखवलं, मुलं वेडी झाली. तिथं दुसऱ्या एका ग्रुपातले काका एलियनवर सुरू झाले, दादा शांतपणे म्हणाला, काका जांभ्यात लोह भरपूर असतं, आधी ते बघू. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस. असंच चित्र सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सापडतं, पण त्यावरून लगेच नातं जोडायला तो तयार नव्हता.

आता तक्रार. कशेळी त्यांनी ठेवली भर दुपारी साडेबाराला. कोकणातलं सगळ्यात मोठं चित्र ते, हत्ती, अठरा मीटर बाय तेरा मीटर, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी आणि जलचर, आणि आम्हाला डोक्यावरच्या उन्हात सोंडेच्या पलीकडं धड काही कळेना, दादाच काठीनं लांबून रेघ दाखवत होता म्हणून ठीक. ऑफिसला फोन केला तर ‘जेवणाची सोय त्या बाजूला आहे म्हणून तसं बसवलंय’. अरे मग जेवण हलवा ना, हत्ती कसा हलणार! सावली कुठंच नाही, टॉयलेट नाही, हे बुकिंग करताना सांगायला पाहिजे, सोबत वयस्कर माणसं असतात. मासे मात्र छान होते, सोलकढी जरा पातळ.

फोटोसाठी रेघांत खडू भरणारे, पाणी ओतणारे अजून भेटतात, आमच्या दादानं एकाला तिथल्या तिथं झापलं, त्याचे वेगळे मार्क. चपला घालून चित्रावर पाय द्यायचा नाही हा नियमही कडक.

गाईडला पाच पैकी पाच, पॅकेजला साडेतीन. बुकिंग करताना कशेळी सकाळी आठला द्या असं स्पष्ट सांगा, जमत नाही म्हणाले तर जेवण आपलं आपण बघतो म्हणा. पावसाळ्यात चित्रांत पाणी आणि शेवाळ असतं, तेव्हा नका जाऊ, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सड्यावर सीतेची आसवं फुलतात ती बघायची तर वेगळी ट्रिप काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं, टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी घ्याच.