सेंद्रिय कंपनीत नोकरी, आणि गावाचे सातबारे

द्राक्षबागेला दोन महिन्यांत सेंद्रिय प्रमाणपत्र काढून देतो असं कुणी म्हणालं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. रासायनिक शेतीतून सेंद्रियमध्ये यायला द्राक्षासारख्या बहुवार्षिक पिकाला एरवी 3 वर्षं लागतात, सोयाबीन-भाजीपाल्याला 2. आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या गावात मात्र हे दोन महिन्यांचं प्रमाणपत्र विकलं गेलं, आणि ते विकायला मला नोकरीवर ठेवलं होतं.

जाहिरात व्हॉट्सॲपवर आली. 'सेंद्रिय शेती क्षेत्र अधिकारी, पगार 22,000, पेट्रोल वेगळं.' बी.एस्सी. ॲग्री झालेल्यांपुढे काय असतं? एमपीएससी, नाहीतर औषध कंपनीत टार्गेटच्या मागे पळणं. त्यात हे विषमुक्त शेतीचं काम, तेही घरून जाऊन-येऊन. गंगापूर रोडवरच्या ऑफिसात मुलाखत झाली. अभ्यासातलं एक अक्षर विचारलं नाही. गाव कुठलं, वडिलांची बाग किती, सोसायटीत कोण ओळखीचं, भाऊबंदकीत बागायतदार किती, एवढंच. टॅबसाठी म्हणून 15,000 अनामत घेतली, ती एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर. टॅब आजतागायत आलेला नाही. नेमणूकपत्रात पगार हा शब्दच नव्हता. 'मानधन, गट मंजुरीनंतर' असं होतं, म्हणजे शेतकऱ्यांचा सेंद्रिय गट मंजूर झाल्यावर.

त्यांना कृषी पदवीधर नकोच होता. जिच्या शब्दावर गावातले सातबारे बाहेर निघतील अशी मुलगी हवी होती.

कामही तेच. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाची झेरॉक्स आणि कोऱ्या फॉर्मवर सही. नोंदणीचे माणशी 3,500, वर फवारणीच्या औषधांच्या किटचे 6,000. गावच्या बैठकीला ऑफिसचे साहेब स्वतः आले. बोलायला पक्के. "तुमची द्राक्षं युरोपला जातात ना? मग तुम्ही ऐंशी टक्के सेंद्रिय झालेलेच आहात, उरलेले कागद आम्ही करतो." निर्यातदार शेतकऱ्याला हे ऐकायला गोडच लागणार. पण निर्यातीला रसायनाचा अंश ठरलेल्या मर्यादेत असावा लागतो, आणि सेंद्रियमध्ये रासायनिक कीडनाशक मारायचंच नसतं. ग्रेपनेटवर, म्हणजे द्राक्ष निर्यातीच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, बाग नोंदलेली असली म्हणून ती सेंद्रियच्या जवळ गेली असं होत नाही.

आमच्या आप्पांनी नेमका मुद्द्याचा प्रश्न टाकला, फळासाठीच्या छाटणीनंतर पावसात येणाऱ्या डाऊनी या बुरशीच्या रोगाचा. "साहेब, गोडी छाटणीनंतर पाऊस लागला आन् डाऊनी आला, तर मारायचं काय?"

"आमचं किट मारा आप्पा. दुसरं काही लागतच नाही."

सेंद्रियमधल्या जाणकार माणसाने इथे निदान बोर्डोचं, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचं, नाव काढलं असतं, ते किती मारायचं यावर वाद घातला असता. आप्पांनी बाटली उलटसुलट करून पाहिली. घटक लिहिलेले नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, नोंदणी क्रमांक नाही. औषध जैविक असलं तरी कीड-रोगावर म्हणून विकायचं तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली त्याची नोंदणी लागते. अशा बाटलीत रसायन मिसळलेलं निघालं, तर सेंद्रिय राहू द्या, निर्यातीचा नमुनाही नापास होतो आणि वर्षभराचा माल लोकल बाजारात ओतावा लागतो. आप्पांनी किट परत केलं. बाकीच्यांनी घेतलं.

प्रमाणपत्र आलं ते रंगीत, लॅमिनेट केलेलं, कोपऱ्यात 'जैविक भारत'चं चिन्ह आणि खाली त्याच कंपनीचा शिक्का. गट चालवणारा आणि प्रमाणपत्र देणारा एकच, तिथेच सगळं उघड होतं. निर्यातीच्या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमात प्रमाणपत्र देणारी संस्था वेगळी असते, तिला मान्यता लागते आणि अशा संस्थांची यादी अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेच्या, संकेतस्थळावर बघता येते. देशातल्या विक्रीसाठी पीजीएस ही शेतकऱ्यांच्या सहभागाने प्रमाणपत्र देण्याची पद्धत आहे. त्यात गावातले किमान 5 शेतकरी गट करतात आणि एकमेकांची शेतं स्वतः तपासतात. कोणाच्या ऑफिसात कागद देऊन ते काम होत नाही.

पुढचं थोडक्यात. कंपनीवाले जादा दराने माल उचलणार होते, कोणी आलं नाही. दुसऱ्या एका खरेदीदाराने त्या मालाची टीसी, म्हणजे सेंद्रिय मालाच्या प्रत्येक विक्रीला लागणारं व्यवहार प्रमाणपत्र, मागितली, ती आमच्याकडे असणार कुठून? ऑफिसला कुलूप, फोन बंद. पोलिसांत अर्ज दिला आहे, पैसे यूपीआयने गेल्यामुळे 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली आहे.

मला पैशांपेक्षा त्या कागदांची धास्ती जास्त आहे. मध्य प्रदेशात सेंद्रिय कापसाच्या गटांमध्ये शेतकऱ्यांना पत्ता नसताना त्यांची नावं घातल्याच्या तक्रारी गाजल्या आहेत. रासायनिक माल कागदावर सेंद्रिय करायचा तर खऱ्या शेतकऱ्याच्या जमिनीचा गट नंबर आणि आधार लागतंच. म्हणून यापुढे झेरॉक्स देताना तिच्यावरच आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख. कोऱ्या फॉर्मवर सही मागितली तर आधी तो भरून आणायला सांगा.

ज्या मुलामुलींना असा फोन येईल त्यांनी दोनच गोष्टी विचाराव्यात: प्रमाणित करणारी संस्था कोणती, आणि आधीच्या गटातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर कधी नेता. अनामत मागितली तर तेही विचारायची गरज नाही. आणि असं किट ज्यांच्या घरात पडून आहे त्यांनी ते ओतून देऊ नका. पावतीसकट पंचायत समितीच्या कृषी विभागात जा, तिथून कीटकनाशक निरीक्षकाकडे लेखी तक्रार करता येते.