फर्निचरच्या बिलावर टॅक्स रिफंड म्हणे! ताई-भाऊजींना लावलेला चुना

घराचं काम काढलंय आणि कॉन्ट्रॅक्टर किंवा त्याच्या ओळखीचा कोणी टॅक्सवाला सांगतोय की फर्निचर, एसी, फ्रीजची बिलं रिटर्नमधे लावून पैसे परत काढून देतो, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. नोकरदार माणसाला राहत्या घरातल्या सोफ्यावर, कपाटावर, वॉशिंग मशीनवर इन्कम टॅक्समधे एक रुपयाची सूट नाही. जुन्या रिजीममधे (वजावटी मिळणाऱ्या जुन्या कर पद्धतीत) नाही, नव्यात तर नाहीच नाही.

आमच्या ताईचं घर विक्रोळीला कन्नमवार नगरात, म्हाडाचं, भाऊजींच्या वडिलांच्या वेळचं, त्यामुळे होमलोन वगैरे काही नाही (हे लक्षात ठेवा, पुढे लागेल). २०२३ च्या दिवाळीनंतर काम काढलं. किचनच्या ट्रॉल्या, दोन वॉर्डरोब, फॉल्स सीलिंग आणि एसी-फ्रीज पण कॉन्ट्रॅक्टरच आणून देणार, सगळं मिळून चार लाख ठरले. ठरल्यावर हा म्हणतो, "साहेब, पक्कं बिल घ्या, १८ टक्के जीएसटी लागेल पण तो सगळा रिटर्नमधे निघतो, वर अजून सुटतील, आपला माणूस आहे." झालं, ७२ हजार वर गेले. भाऊजी सरळ माणूस, त्यांना वाटलं पक्कं बिल म्हणजे सगळं कायदेशीर, आणि असं वाटण्यात त्यांचं काय चुकलं सांगा.

लोक फसतात कारण यात थोडं खरं असतं. दुकानदाराला, क्लिनिकवाल्या डॉक्टरला धंद्याच्या फर्निचरवर वर्षाला १० टक्के घसारा (वस्तू जुनी होते म्हणून उत्पन्नातून वजा होणारी रक्कम) मिळतो, जीएसटी नंबर असलेल्याला धंद्याच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा जीएसटी पुढे कमी भरावा लागतो. पगारदाराला यातलं काहीच नाही. घरातल्या अशा कामापुरती त्याच्यासाठी एकच गोष्ट आहे, घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढलं तर त्याच्या व्याजावर वर्षाला जास्तीत जास्त ३० हजारांची वजावट, ती पण जुन्या रिजीममधेच आणि बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट हातात असेल तर. म्हणजे टाइल्स, प्लंबिंग, रंग असल्या कामाचं कर्ज पाहिजे, हप्त्यावर घेतलेला फ्रीज त्यात बसत नाही.

जुलै २०२४ मधे त्या 'आपल्या माणसाने' पॅन, पासवर्ड, ओटीपी सगळं घेतलं आणि रिटर्न भरलं. सप्टेंबरमधे ४१,६०० खात्यात आले! ताईने आम्हाला पेढे दिले आणि त्याने कमिशन म्हणून सहा हजार रोख नेले. बिल्डिंगमधल्या अजून दोघातिघांनी त्याचा नंबर घेतला ते वेगळंच.

पुढच्या वर्षी १४ जुलै २०२५ ला बातमी आली की आयकर खात्याने देशभरात दीडशे ठिकाणी धाडी टाकल्यात, खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्या एजंटांवर. त्यात असंही होतं की हे लोक रिटर्न भरायला तात्पुरते ईमेल आयडी काढतात आणि मग सोडून देतात, खात्याच्या नोटिसा तिथेच पडून राहतात. मला एकदम शंका आली, भाऊजींना म्हटलं लॉगिन करा बघू. होईना. आधार ओटीपीने पासवर्ड बदलला, आत गेलो तर प्रोफाइलमधे मोबाईल आणि ईमेल दोन्ही भलत्याचेच, आणि रिटर्नमधे फर्निचर नावाचा शब्द सुद्धा नाही, त्याऐवजी होमलोनचं व्याज दोन लाख! लोनच नाही तर व्याज कुठलं. दोन लाखावर भाऊजींच्या स्लॅबचे २० टक्के आणि त्या करावर ४ टक्के सेस धरून बरोब्बर ४१,६००.

मग बिल काढलं. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता बिलावरचा जीएसटी नंबर टाकून बघता येतं, टाकला तर कॉन्ट्रॅक्टरचं रजिस्ट्रेशन २०२२ मधेच कॅन्सल. वर एसीलाही १८ टक्केच लावलेला, तेव्हा एसीवर २८ होता, १८ झाला तो २२ सप्टेंबर २०२५ पासून. म्हणजे ते ७२ हजार सरकारकडे गेलेच नाहीत, त्याच्याच खिशात.

ऑफिसच्या ओळखीतल्या एका सीए बाईंनी अपडेटेड रिटर्न (आधीचं चुकलेलं रिटर्न दुरुस्त करून पुन्हा भरायचं) भरायला लावलं. रिफंड परत, वर व्याज, वर २५ टक्के जादा कर, पंचावन्न हजारांच्या वर गेलं प्रकरण. बाई म्हणाल्या यातच समाधान माना, खात्याने आधी पकडलं असतं तर चुकीची माहिती दिली म्हणून कराच्या दुप्पट दंड बसू शकला असता, म्हणजे अजून ८३ हजार. आणि एजंटने केलं हे सांगून सुटका नाही, रिटर्न ज्याच्या पॅनवर जबाबदारी त्याची.

टॅक्सवाल्याचा फोन बंद आहे. कॉन्ट्रॅक्टर उचलतो, "त्याचं मला माहीत नाही साहेब" म्हणतो आणि ७२ हजारांचा विषय काढला की रेंज जाते. त्याच्यावर ग्राहक आयोगात तक्रार टाकायची तयारी चालू आहे, बिल, पेमेंटचे स्क्रीनशॉट, कॅन्सल रजिस्ट्रेशनचं पान सगळं जमवलंय. बिल्डिंगमधल्या बाकीच्यांना लॉगिन करून आपला मोबाईल नंबर तरी आपलाच आहे का बघा म्हणून सांगितलंय, एकाचा निघाला नाही, दुसरे काका म्हणतात "रिफंड आलाय ना, मग कशाला उकरायचं".