दिवाळीनंतर दाखवलेलं घर

पूर्णेच्या खोऱ्यात कुणी दिवाळीच्या आसपास घर विकायला काढलं, तर पहिला प्रश्न किमतीचा करू नका. हे घर गेल्या मे महिन्यात कसं दिसत होतं, ते विचारा. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, शेगाव या भागातली काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तीच माती घराच्या पायव्याखालीही असते. पावसाळा सरता सरता माती फुगलेली असते, त्यामुळे भिंतीच्या भेगा बऱ्याचशा मिटतात. वरून पुट्टी आणि रंगाचा हात मारला की घर नवंकोरं दिसतं. विकणाऱ्याला हे पंचांग तोंडपाठ असतं.

माझ्या साडभाऊंच्या गळ्यात दर्यापूर तालुक्यातलं असंच एक घर मारलं गेलं. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही, प्रकरण वकिलाकडे आहे. साडभाऊ नोकरीतून निवृत्त झाले, फंडाचे पैसे हाती आले, गावाकडे राहायचं ठरलं. पैसे आल्याची बातमी दलालाला घरच्यांच्या आधी लागते, त्यात नवल नाही.

घर स्लॅबचं, चार खोल्यांचं. समोर ओटा, मागे न्हाणी, न्हाणीला लागून कडुनिंब. तीन खोल्या नीट पाहून झाल्या. मागची खोली उघडली तर खालपासून छतापर्यंत कापूस. मालक म्हणाला, "भाव चढला का काढून टाकतो, मंग पाहून घ्या ना भाऊ." आमच्याकडे घरात कापूस असणं ही काही संशयाची गोष्ट नाही. भावाच्या आशेनं कितीतरी घरांत तो महिनोन् महिने पडून असतो, पोरंसोरं अंग खाजवत हिंडतात. कुणाला काय वाटणार? खरेदीखत झालं. ताबा देण्याआधी खोली रिकामी झाली आणि तिला रंगही मारून मिळाला. मालकाच्या या सौजन्याचं घरात कौतुकही झालं होतं.

एप्रिलात त्याच मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून भेग निघाली आणि तिरपी वर चढत स्लॅबला भिडली. मे महिन्यात तिच्यात बोट जात होतं. दर्यापूरहून जाणता गवंडी आणला. त्यानं भेगेच्या कडेचा गिलावा ठोकून सोलला, तर आत बुजवणीचे थर निघाले: जुनं सिमेंट, त्यावर वेगळ्या रंगाचं सिमेंट, सगळ्यात वर पुट्टी. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "दरसाल उन्हाळ्यात तडकते, दरसाल बुजवत होते. तुमी इचारलंच नाही आमाले." बोलण्यात खोट नव्हती. गावात विकणाऱ्याशी जन्माचं शेजारपण असतं, पाहायला येणारा पाहुणा असतो. म्हणून शेजाऱ्याला आपणहून गाठावं, आणि "घर कसं आहे" असं न विचारता "यांच्याकडे गवंडी शेवटचा कधी आला होता" असं विचारावं. या प्रश्नाचं उत्तर द्यायला कुणी लाजत नाही.

पायव्याबद्दल मालकानं छातीठोक सांगितलं होतं, "मुरमापर्यंत खोदेल हाय." खरं तर या वाक्यावरच थांबायला हवं. पूर्णेकाठच्या गाळाच्या पट्ट्यात मुरूम लवकर लागतच नाही. गावात विहीर किंवा बोअर खणलेल्या माणसाला काळी माती किती खोल गेली ते विचारलं तर खरं-खोटं तिथेच कळतं. मातीचं हे फुगणं-आकसणं वरच्या सुमारे साडेतीन मीटर थरात जाणवतं. त्यासाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं खाली फुगीर बुंधा असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, विकसित केले, तेही आता जुनं झालं. या घराखाली मात्र चार-पाच फूट चर खणून दगड भरलेले निघाले. वर कडुनिंब उन्हाळ्यात त्याच कोपऱ्यातली ओल ओढत होता आणि पावसाळ्यात छताचं पाणी पन्हाळातून नेमकं तिथेच पडत होतं. झाड तोडा असं मी म्हणत नाही. पण भिंतीला खेटून मोठं झाड असेल, तर तो कोपरा दोनदा पाहावा.

खुणा इतरही होत्या, फक्त त्यांना भेगेचं रूप नव्हतं. दोन दारांची वरची कड रंधा मारून कमी केलेली होती. स्टुलावर चढून त्या कडेवरून बोट फिरवलं तर रंगाशिवायचं कोरं लाकूड लागतं. चौकट वाकली की दार घासतं, घासलं की सुतार येतो. ओटा आणि भिंत यांच्या सांध्यात ताज्या सिमेंटची रेघ होती. बैठकीच्या भिंतींना कमरेपर्यंत टाइल्स होत्या. मालकाच्या मते फॅशन, प्रत्यक्षात त्यामागे लोणा. हा खारपाण पट्टा, जमिनीत आणि पाण्यात क्षार. ओल भिंतीत चढते, पाणी उडून जातं, क्षार मागे उरतो आणि गिलाव्याचं पीठ होतं. टाइल्सनं लोणा जात नाही, तो टाइल्सच्या वर सरकतो. रुपयाच्या नाण्यानं टाइल्स वाजवून पाहिल्या तर पोकळ आवाज येतो. बांधकामाला बोअरचंच खारं पाणी वापरलं असेल, तर स्लॅबमधली सळईही गंजते. छताला तांबूस डाग किंवा ठिगळ दिसलं की तेच समजा.

पाण्याचीही गंमत ऐका. "बोअरचं पाणी गोड आहे" म्हणून स्वयंपाकघरातली तोटी उघडून दाखवली होती. ते पाणी वरच्या टाकीतलं, आणि टाकी भरलेली शहानूर धरणाच्या नळाच्या पाण्यानं. मोटर चालू करायला लावावी आणि बोअरच्या पाइपाच्या तोंडाशीच ग्लास धरावा. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. मोजायचं टीडीएस मीटर स्वस्तात मिळतं. ते नसेल तर त्या पाण्यात साबण फेसतो का ते पाहावं.

कागदांत मात्र खोट नव्हती. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे फक्त कराचा उतारा, त्यानं मालकी ठरत नाही, हे साडभाऊंना ठाऊक होतं. वकिलानं तीस वर्षांचा शोध घेतला. मालकाच्या बहिणींच्या सह्या झाल्या, कारण हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. सगळं चोख. कागद तपासायला वकील लावतात आणि भिंत तपासायला गवंडी कुणी नेत नाही, हे दलालाला पक्कं माहीत असतं. एका दिवसाची मजुरी देऊन तालुक्याचा गवंडी सोबत न्यावा. तो त्याच गावचा नसावा, हे महत्त्वाचं.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा आणि विकणाऱ्याला माहीत असलेला मोठा दोष विकणाऱ्यानं सांगायलाच हवा. आमच्याकडे थरांचे फोटो आहेत. काकू लेखी द्यायला तयार नाहीत. आणि खरेदीखतात ठरलेली ओळ आहे: मिळकत प्रत्यक्ष पाहून, पसंत करून, जशी आहे तशी घेतली. वकील म्हणतात, इसारपत्रातच एक वाक्य घालून घ्यायचं, की या घराच्या भिंती, पाया, स्लॅब यांची आजवर कोणती दुरुस्ती झाली. विकणारा ते लिहून द्यायला कुरकुरला, तर इसार खिशातच ठेवायचा.

मालकाला पाठवलेल्या नोटिशीला त्याच्या वकिलाचं उत्तर आलं आहे. खोलीला कुलूप नव्हतं, कापूस बाजूला सारून भिंत पाहण्यास आमच्या अशिलाची हरकत नव्हती, असं त्यात लिहिलं आहे. दावा लावायचा की तोच पैसा पायव्यात घालायचा, हे साडभाऊंचं अजून ठरलेलं नाही.