दहावीच्या विज्ञानासाठी एआय चॅटबॉट: शाळा उघडल्यापासूनचा अनुभव

नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवते. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडल्या, तेव्हापासून एक मोफत एआय चॅटबॉट रोजच्या तयारीला वापरते आहे. त्याचं नाव देत नाही, कारण मध्ये दुसरेही वापरून पाहिले आणि गुणदोष साधारण तेच निघाले. पाठाच्या तयारीला हे साधन मला आता हवंच आहे. उत्तरपत्रिका तपासायला मात्र अजिबात नको.

नुसतं ‘अमुक पाठावर प्रश्न दे’ म्हटलं तर मूलद्रव्याला तत्त्व, पेशीला कोशिका असले हिंदी पुस्तकातले शब्द येतात आणि मुलं गोंधळतात. यावर उपाय सोपा आहे. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. हवा तो पाठ वेगळा काढून जोडायचा आणि संज्ञा, चिन्हांचे संकेत याच पाठातले वापर असं बजावायचं. एवढं केलं की भाषा बरीच ताळ्यावर येते.

सगळ्यात जास्त फायदा झाला ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ या पाठाला. आमच्या मुलांनी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या धूर सोडणाऱ्या चिमण्या लांबून पाहिलेल्या असतात, पण पुस्तकातल्या आकृतीशी त्यांचा संबंध जोडला जात नाही. मी चॅटबॉटला सांगितलं की कोराडीत 660 मेगावॅटचे संच आहेत, त्यावरून एकातून दुसरा निघेल असे प्रश्न काढ. पहिला प्रश्न आला: एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला तर किती युनिट वीज तयार होईल? उत्तर 6 लाख 60 हजार. तो आकडा फळ्यावर लिहिला आणि वर्ग जागा झाला. मग घरच्या बिलावरचे युनिट, मग कोळशातल्या ऊर्जेची बॉयलर, टर्बाइन, जनित्र अशी बदलत जाणारी रूपं, मग वाफेचं पुन्हा पाणी कशाला करायचं. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, माझे बाबा तिथंच कामाला आहेत, त्या राखेचं काय होते ते पण घ्या ना.” राखेचा प्रश्न चॅटबॉटच्या यादीत नव्हता. तासाचा उरलेला वेळ आम्ही त्यावरच बोललो. असा तास उभा करायला पूर्वी मला अख्खी संध्याकाळ लागायची, तीही यू-डायसच्या (शाळांची माहिती भरायच्या सरकारी प्रणालीच्या) नोंदी आणि बाकीची कागदपत्रं उरकल्यावर.

आकृत्यांच्या नादी लागू नका. भिंगातून जाणारे किरण त्यानं काढलेल्या चित्रात भलतीकडेच वळतात. खडू आणि पट्टी घ्या.

आता तपासणीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मोठी जाहिरात त्याचीच चालू आहे. घटक चाचणीनंतर नाव आणि हजेरी क्रमांक झाकून काही उत्तरांचे फोटो मी त्याला दिले. गणित साधं होतं: बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर 10 सेंमी, वस्तू 30 सेंमीवर, प्रतिमा कुठे? उत्तर 15 सेंमी. एका मुलाचं आलं होतं 7.5. वहीत त्यानं वस्तूचं अंतर स्वच्छ अक्षरात u = +30 लिहिलं होतं. चॅटबॉटनं ते −30 असं वाचलं आणि शेरा दिला: मांडणी बरोबर, शेवटच्या पायरीत आकडेमोड चुकली. खरं तर मुलाची आकडेमोड चोख होती. त्याला कळलं नव्हतं ते वस्तूचं अंतर ऋण का घ्यायचं हे. म्हणजे मला जी चूक दिसायला हवी होती, नेमकी तीच चॅटबॉटनं दुरुस्त करून लपवली. मराठी वाक्यांतही हेच झालं. अर्धवट वाक्य त्यानं स्वतःहून पूर्ण केलं आणि त्याला गुण दिले. गुण थोडे पुढेमागे झाले तर सुधारता येतात. पण त्या शेऱ्यावर विसंबून मी त्या मुलाला बेरीज-वजाबाकीचा सराव दिला असता, तर बोर्डाच्या परीक्षेपर्यंत त्याचा संकेतांचा घोळ तसाच राहिला असता.

2025 च्या जुलैत चॅटजीपीटीत ‘स्टडी मोड’ आला, ऑगस्टमध्ये जेमिनीत ‘गाइडेड लर्निंग’. दोन्हींत थेट उत्तराऐवजी पायरी-पायरीनं विचारत नेतात. कल्पना चांगली आहे, पण मुलांना ते बंद करून सरळ उत्तरही मागता येतं. म्हणून मी गृहपाठच बदलला आहे: घरी वाचून यायचं, गणितं वर्गात माझ्यासमोर सोडवायची. 2026-27 पासून तिसरीपासूनच एआय शिकवण्याचं केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जाहीर केलं आहे. त्याच्या शिक्षक प्रशिक्षणात मुलाची खरी वही आणि यंत्राचा शेरा शेजारी ठेवून बघण्याचा एक तरी तास असावा, ही माझी मनापासून मागणी आहे.

मुलांची नावं, फोटो, आजारपणाची माहिती चॅटबॉटमध्ये टाकू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि पालकांच्या संमतीची अट आहे.

पैसे भरायची गरज मला पडलेली नाही. फाइल जोडायची दिवसाची मर्यादा लवकर संपते, म्हणून आठवड्याचे पाठ रविवारी सकाळी उरकते. सध्या संविधान तक्ता (प्रश्नपत्रिकेतल्या गुणांच्या वाटणीचा आराखडा) देऊन विज्ञान भाग 1 आणि भाग 2 च्या 40-40 गुणांच्या सराव प्रश्नपत्रिका काढणं चालू आहे. भाग 1 साठी चॅटबॉटला द्यायच्या सूचना तयार आहेत, ज्यांना हव्या असतील त्यांनी मागा, जशाच्या तशा देईन.