नाटकवेड्यांच्या गटात वर्षभर: काय मिळालं, काय नकोसं झालं

आधीच सांगते, येत्या रविवारी कोणतं नाटक बघावं एवढंच ज्याला ठरवायचं आहे, त्याने नाटकवेड्यांच्या गटात शिरू नये. तिथे एका नाटकाबद्दल पाच मतं मिळतात, त्यातली दोन नाटक न बघताच दिलेली असतात, आणि ती वाचून झाल्यावर आपण घरीच बसतो. वर्ष होत आलं मला या गटात. गटाच्या शिफारशीवरून पाहिलेली नाटकं साधारण निम्मी आवडली, निम्मी नाहीत. पेपरातल्या जाहिराती बघून तिकिटं काढायचे तेव्हाही हिशोब असाच काहीसा होता. म्हणजे सल्लागार म्हणून गट नापास. तरी मी तो सोडलेला नाही, कारण त्याचा खरा उपयोग भलताच निघाला.

गट टेलिग्रामवर आहे. पूर्वी व्हॉट्सॲपवर होता, मी यायच्या आधीच इकडे हलला. मुंबई, ठाणे आणि पुण्याची माणसं जास्त, पण सांगली, कोल्हापूर, नागपूर, पणजीचीही आहेत. शिवाय बेंगळुरू, दुबई आणि न्यू जर्सीत बसून चार महिन्यांतून एकदा नाटक बघायला मिळणारी काही उपाशी मंडळी. रोज बोलणारे मूठभर, बाकीचे नुसते वाचतात. टेलिग्रामवर फोन नंबर लपवता येतो, त्यामुळे अनोळखी माणसाच्या हाती आपला नंबर पडत नाही. बाईमाणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. एका गटात विषयांच्या वेगवेगळ्या खोल्याही करता येतात. आमच्याकडे ‘आज कोण कुठे’, ‘तिकिटं’, ‘नाटक सुटल्यावर’, ‘एकांकिका’, ‘मालिका आणि ओटीटी’ अशा खोल्या आहेत. ‘जुनं ते सोनं’ नावाची एक खोली मुद्दाम उघडली, कारण ‘आता तसे नट राहिले नाहीत’ हे वाक्य दर दुसऱ्या निरोपात यायला लागलं होतं. आता ज्यांना उसासे टाकायचे आहेत ते तिथे जाऊन टाकतात.

हे स्थलांतर सगळ्यांना मानवलं नाही. सत्तरीच्या पुढची बरीच माणसं व्हॉट्सॲपवरच थांबली, आणि ज्यांनी जुन्या रंगभूमीचे प्रयोग प्रत्यक्ष पाहिले ते नेमके तिकडे राहिले. सांगलीचे एक काका मात्र नातवाकडून शिकून आले आणि सध्या गटात सगळ्यात जास्त तेच बोलतात. 5 नोव्हेंबरला, म्हणजे रंगभूमी दिनाला, पहाटे त्यांचा निरोप ठरलेला: 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा पुण्या-मुंबईकरांनी आजच्या दिवशी जरा नमून बोलावं. आम्ही नमून बोलतो.

रोजच्या उपयोगात ‘आज कोण कुठे’ ही खोली पहिली. बाहेरच्यांना यात काय एवढं, असं वाटेल. पण डोंबिवलीहून रविवारी दुपारी चारच्या प्रयोगाला दादर किंवा माटुंगा गाठायचं असेल, तर नाटकाच्या आधी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याची वेळ, पार पाडावा लागतो. तो बहुतेक रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला सुरू होतो आणि चारच्या आसपास संपतो. नाटकवाल्यांची आणि रेल्वेची ही वेळ इतकी बेमालूम जुळलेली आहे की एकदा दोघांनी बसून ठरवली असावी. गटात शनिवारी रात्रीच कोणीतरी ब्लॉकचं वेळापत्रक टाकतं, कोणी ‘मी दोनची पकडतेय, ठाण्याला बदलणार’ म्हणून कळवतं, आणि एकटीने नाटकाला जाणाऱ्या माझ्यासारखीला गाडीत सोबत मिळते. रात्री साडेआठच्या प्रयोगाहून परतताना ही सोबत जास्तच बरी वाटते.

तिकिटांच्या खोलीत बुकिंग कधी उघडलं, खिडकीवर पुढच्या रांगा शिल्लक आहेत का, कोणाकडे एक तिकीट जास्तीचं आहे, असं चालू असतं. गुडघे दुखणाऱ्या काकूंना कोणत्या नाट्यगृहात बाल्कनीचे जिने टाळावेत हे इथे कळतं. कुठल्याच ॲपवर ही माहिती नसते. एकदा कोणीतरी विचारलं, की मराठी नाटकाचं सगळ्यात महाग तिकीट वर्षानुवर्षं पाचशेलाच का अडकलंय? गटातल्या एका सीए बाईंनी शांतपणे सांगितलं, की पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्याच्या वर गेलात की 18 टक्के. जानेवारी 2018 पूर्वी ही मर्यादा 250 होती. तिथून गप्पा अशा रंगल्या की रात्रीचा एक वाजला. नाट्यगृहाचं भाडं, जाहिराती, नेपथ्याचा टेम्पो, कलाकारांची आणि पडद्यामागच्यांची ‘नाईट’ (दर प्रयोगाचं मानधन) हे सगळं वजा केल्यावर अर्ध्या भरलेल्या प्रयोगात निर्मात्याच्या हाती काय उरत असेल याचा हिशोब आम्ही मांडत बसलो. तेव्हापासून ‘पाचशे रुपये म्हणजे फार’ हे मी म्हणत नाही. मॉलमधल्या पॉपकॉर्नचा भाव आठवते.

पण ज्यासाठी मी थांबले ती खोली ‘नाटक सुटल्यावर’. सिनेमा सगळ्यांना सारखाच दिसतो. नाटकाचं तसं नाही. शुभारंभाचा प्रयोग, पन्नासावा प्रयोग, दौऱ्यात धुळ्याला झालेला प्रयोग आणि मुख्य नटाला ताप असताना झालेला प्रयोग, ही नावापुरतीच एक नाटकं. समीक्षक सहसा सुरुवातीचा प्रयोग पाहून लिहितात आणि नाटक पुढे वर्षभर बदलत राहतं. त्या बदलाची नोंद कोणी ठेवत नाही. गटात ती आपोआप राहते. परवाचीच ही बोलाचाली, नाटकाचं नाव गाळून (‘बदली’ म्हणजे नेहमीच्या नटीऐवजी उभी राहिलेली दुसरी):

‘आज सून बदली होती. कुणी पाहिलं?’

‘पाहिलं. पहिल्या अंकात चाचपडली, दुसऱ्यात बसली.’

‘फोन खाली ठेवायच्या आधी ती जी थांबली ना, ते आधीच्या बाईंनी कधी केलं नव्हतं.’

‘अहो, मी पंचविसाव्याला होतो तेव्हा तिथे फोनच नव्हता, पत्र होतं.’

‘पत्र होतं? मग सासरे मागून वाचतात तो प्रसंग?’

‘तोच तर. सगळं हशावर जायचं. फोन आल्यापासून लोक गप्प बसतात.’

‘पुण्यात अजून हसतात हो.’

‘पुण्यात लोक हसले? तारीख लिहून ठेवा.’

मी ते नाटक एकदाच पाहिलं होतं आणि मला ते बेताचंच वाटलं होतं. एवढं वाचून पुन्हा तिकीट काढलं. नाटक मला अजूनही बेताचंच वाटतं, पण फोनचा तो प्रसंग बघताना पत्राचा प्रसंग शेजारी उभा असल्यासारखा दिसत होता. एका माणसाला एकाच नाटकाचे किती प्रयोग परवडणार? गटाला मिळून ते सगळे बघता येतात. मला गटाकडून जे मिळालं ते हे, आणि ते दुसरीकडे कुठे मिळेल असं वाटत नाही.

टेलिग्रामवर नव्या माणसाला जुनं बोलणंही वाचता येतं, हे मला उशिरा कळलं. पावसाळ्यातल्या एका सुट्टीत मी मागे मागे जात 8 ऑगस्ट 2024 च्या रात्रीपर्यंत पोचले. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं ती रात्र. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती होती. शाहू महाराजांच्या काळात पॅलेस थिएटर म्हणून 1915 साली उभी राहिलेली वास्तू. पहिले निरोप बातम्यांचे आहेत, ज्वाळांच्या चित्रफितींचे. मग कोल्हापूरच्या एका मुलीने लिहिलं, की शाळेत असताना बालनाट्यात ती तिथे झाड झाली होती आणि पडदा पडल्यावर विंगेत जायचं विसरून उभीच राहिली होती. त्यानंतर रात्रभर जो तो आपण त्या रंगमंचावर काय केलं, कुठल्या रांगेत बसून काय पाहिलं एवढंच लिहीत गेला. कुणाला आवरायला सांगावं लागलं नाही. या गटाची भांडणं वाचून वैताग आला की मी ती पानं काढते.

भांडणं होतातच. ठाण्याचं गडकरी रंगायतन दुरुस्तीनंतर ऑगस्ट 2025 मध्ये उघडलं तेव्हा खुर्च्या, ध्वनियंत्रणा, रंगकाम यावर दोन-चार निरोप आले आणि बटाटेवड्याची चव तीच राहिली का यावर तीन दिवस गेले. ठाणेकर आणि दादरकर आता समोरासमोर आले तर वडे फेकून मारतील. मालिकांच्या खोलीत मी जातच नाही. तिथे कोणाची मालिका संपली, कोणाला चित्रीकरणामुळे दौऱ्याला सुट्टी मिळेना, कोण कोणाबरोबर दिसलं असं चालतं. पहिल्या दोन गोष्टी नाटकासाठी कामाच्या असतात, तिसरीसाठी लोक येतात.

रहस्यनाट्याचा शेवट फोडणारे हा वेगळा त्रास होता. टेलिग्रामवर मजकूर झाकून पाठवता येतो, बोट लावलं की दिसतो. गटात आता तो नियम आहे. तरी नागपूरचे एक दादा झाकलेल्या मजकुराच्या खालीच हसणारा चेहरा टाकून ‘नोकरावर लक्ष ठेवा’ म्हणतात. प्रयोग चालू असताना मोबाइलवर टिपलेल्या चित्रफिती टाकणाऱ्याला मात्र पहिल्याच वेळी काढून टाकतात, हे मला फार पटतं. रंगमंचावरच्या माणसाला अंधारात उजळलेला पडदा दिसतो.

सगळ्यात मनस्ताप झाला तो छुप्या जाहिरातीचा. एक सदस्य एकाच संस्थेच्या प्रत्येक नाटकाला ‘चुकवू नका’ म्हणायचा, भाषा गोड, आणि दर प्रयोगाला पुढच्या रांगेतला फोटो. काही महिन्यांनी कळलं की तो त्यांच्याच प्रसिद्धीचं काम बघतो. पास घेऊन नाटक बघणं वाईट नाही, निम्मी रंगभूमी पासावर उभी आहे असं काका म्हणतात. पण ते सांगून बोलावं. आता नियम असा, की फुकट पाहिलं असेल तर मताच्या आधी ‘पास’ असं लिहायचं. परिणाम गमतीचा झाला: पासवाले उलट जास्त कडक लिहायला लागले.

महिन्यातून एका रविवारी रात्री आवाजी गप्पांमध्ये नाट्यवाचन होतं. भूमिका वाटून घ्यायच्या आणि आपापल्या घरून वाचायचं. राम गणेश गडकरी 1919 सालीच गेले, त्यामुळे त्यांच्या नाटकांना हक्कांची अडचण नाही. अडचण आहे ती त्यांच्या वाक्यांची. अनुप्रासांनी लगडलेलं अर्ध्या पानाचं वाक्य, दुबईचे गृहस्थ जीव तोडून वाचतायत, आणि क्रियापदाच्या आधी नेट जातं. आम्ही सगळे श्वास धरून. ते परत येतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. न्यू जर्सीच्या ताईंना तेव्हा रविवारची सकाळ असते, त्यांच्याकडून मागे कुकरच्या शिट्ट्या येतात, आणि आम्ही त्यांना तिसरी घंटा म्हणतो. वाचन म्हणून दर्जा यथातथाच, पण पुस्तक समोर धरून गडकरी मला कधी पूर्ण करता आले नव्हते. इथे झाले.

एकांकिकांच्या खोलीत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा आली की पुण्यातली कॉलेजची पोरं दिवसरात्र लिहितात, ‘अरे आव्वाज कुणाचा’ ही स्पर्धेतली आरोळी गटातही घुमते, आणि ज्येष्ठ मंडळी ‘आमच्या वेळी भरत नाट्य मंदिरात शिस्त होती’ म्हणून सुरू होतात. नव्हती. 1963 पासून चाललेल्या स्पर्धेत कोणत्याही वर्षी शिस्त असेल असं मला वाटत नाही. पण ही पोरं प्रकाशयोजनेबद्दल बोलतात तेव्हा मी कान देऊन ऐकते. आमच्या पिढीने नाटक ऐकलं, ती बघतात.

शिरणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. आल्या आल्या सूचनांचा आवाज बंद करा आणि फक्त दोन खोल्या चालू ठेवा. पहिल्या महिन्यात मत देऊ नका, नुसतं पाहिलेलं सांगा: कुठे, कोणत्या वेळी, कोण बदली होतं. त्याला लगेच उत्तर येतं. ‘भारी होतं’ला कोणी विचारत नाही. नाटक बघायच्या आधी ‘नाटक सुटल्यावर’ उघडू नका. आणि संगीत नाटकाच्या वादात पडायचं असेल तर रात्रीचं जेवण आटपून पडा.

सध्या गटात मतदान चालू आहे: नट, लेखक, निर्माते यांना आत घ्यायचं का? काहींनी विचारणा केली आहे, आणि बऱ्याच जणांना त्याचं अप्रूप वाटतंय. मी ‘नको’ला मत दिलं. बदली आलेली सून पहिल्या अंकात चाचपडली, हे ती वाचत असताना आम्ही लिहू का? नाही लिहिणार. ‘छान झालं हं’ लिहू, आणि ती दुसऱ्यात बसली हेही मग लिहायचं राहून जाईल. सांगलीचे काका विरुद्ध बाजूला आहेत. त्यांचं म्हणणं, एखादा तरी नट आत असावा, म्हणजे पत्राचा फोन का झाला ते विचारता येईल. मतदान शुक्रवारी रात्री बंद होतंय, आणि या क्षणी काकांची बाजू दोन मतांनी पुढे आहे.