जुन्या झेनचा एसी: गॅस भरण्याआधी गळती शोधणारे गॅरेज

फारशी न फिरणारी जुनी गाडी एसीसाठी दाखवायला नेली की बहुतेक ठिकाणी पहिले वाक्य ऐकू येते ते म्हणजे "गॅस संपलाय, भरून देतो". आमची २००४ ची मारुती झेन मी पुण्याच्या नाना पेठेतील एका लहान एसी गॅरेजमध्ये नेली, तेव्हा तेथील मिस्त्रींनी गॅसचे नावही न काढता आधी गाडी किती चालते आणि गारवा एकाएकी गेला की हळूहळू कमी होत गेला, हे विचारले. हे गॅरेज मला पसंत पडले ते याच कारणाने.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठून तरी निसटलेला असतो. कंप्रेसरचे, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचे, तेल गॅसबरोबरच सगळीकडे फिरते आणि तेच त्याच्या शाफ्टच्या (फिरत्या दांड्याच्या) गळती अडवणाऱ्या सीलला ओलसर ठेवते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की हे सील कोरडे पडते आणि तेथून गॅस थोडा थोडा जात राहतो. आमच्या गाडीत एसीचे बटण दाबताच कंप्रेसरचा क्लच (त्याला इंजिनाशी जोडणारा भाग) लागायचा आणि काही क्षणांत सुटायचा, त्यामुळे एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने थेट नवा कंप्रेसर सुचवला होता. वस्तुतः दाब कमी पडल्यामुळे प्रेशर स्विच त्याला बंद करत होता, म्हणजे स्विच आपले काम चोख बजावत होता.

मिस्त्रींनी गेज (दाबमापक) लावून दाब पाहिला, मग प्रणालीत नायट्रोजन भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावला. क्लचच्या मागे तेलाने चिकटलेली धूळ दिसतच होती. बुडबुडे तेथे आले आणि कंडेन्सरच्या (गरम गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या) एका सांध्यावरही आले. सील आणि ओ-रिंग (सांध्यातले रबरी कडे) बदलून त्यांनी ड्रायर, म्हणजे ओलावा शोषणारा भागही नवा बसवला. ड्रायरचा खर्च अनेकांना अनावश्यक वाटतो, पण प्रणाली उघडली की तिच्यात हवेतली आर्द्रता शिरते, आणि तीच पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (गॅसचा दाब उतरवणाऱ्या अरुंद झडपेत) गोठून वाट अडवते. त्यानंतर अर्धा तासाहून अधिक काळ व्हॅक्यूम पंप चालवून, पंप बंद केल्यावर काटा हलत नाही याची खात्री करूनच गॅस भरला गेला. तो आर-१३४ए या प्रकारचा होता आणि सीलबंद डब्यातून माझ्यासमोर काढला. (नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या गाड्यांत आर-१२ हा जुना गॅस असे, तशी गाडी असेल तर तेल आणि सील यांचा वेगळा विचार करावा लागतो, केवळ गॅस बदलून भागत नाही.)

आता उणिवा. गॅस वजन करून न भरता गेजकडे पाहून भरला; अनुभवी हाताला ते जमते, तरी लहान गाडीत गॅस मुळातच थोडा लागत असल्याने वजनकाटा वापरायला हवा होता. प्रणालीत उरलेला गॅस त्यांनी सरळ हवेत सोडला, हे मला अजिबात रुचले नाही, कारण हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून अधिक तापवर्धक आहे आणि तो परत साठवण्याची यंत्रे बाजारात मिळतात. बिलावर केवळ "एसी काम" एवढेच लिहिले होते. कोणता भाग कितीचा, हे आग्रह केल्यावर पाठीमागे हाताने लिहून मिळाले. एकूण रक्कम मात्र नव्या कंप्रेसरच्या खर्चाच्या पाव हिश्शाच्या आसपास होती.

काम झाल्यावर दुपारच्या उन्हातही हवा चांगली गार येते आणि क्लच नीट लागून राहतो. दर आठवड्याला इंजिन सुरू करून दहा-पंधरा मिनिटे एसी चालवा, थंडीतही चुकवू नका, असे मिस्त्रींनी बजावले आहे. पावसाळ्यात काचेवरचे धुके घालवायला तो लागतोच, त्यामुळे अडचण हिवाळ्यापुरतीच उरते. सीलची हमी तीन महिन्यांची आहे. क्वचित चालणाऱ्या गाडीसाठी ती तोकडी असल्याचे मी सांगून पाहिले, पण ती वाढवून मिळाली नाही.